चार वाजताचा आकडा

३ मार्च, सोमवार

मोजणीसाहेबांनी आज दोन वह्या दिल्या. एक आकड्यांची, रकाने आखलेली. दुसरी कोरी. जास्तीची आली, परत न्यायची तर पुन्हा कागद करावा लागेल, ठेवून घ्या म्हणाले. आकड्यांच्या वहीत मत लिहायला जागा नाही आणि मतं तर माझ्याकडे पोत्यानं आहेत, असं घरात सगळे म्हणतात. तेव्हा ही वही मतांची.

काम असं आहे. सरकारनं आमच्या वस्तीला अडतीस डिश दिल्या, घरटी एक. नेट थेट वरून उपग्रहाकडून येतं. ते किती जोरानं येतं हे तीस दिवस रोज चार ते पाच या वेळात मोजायचं. रोज चिठ्ठ्या टाकून तीन घरं काढायची, त्यांच्या नेटच्या डब्याला मोजपेटी जोडायची, बटण दाबायचं, तिघांची सरासरी लिहायची. शंभरच्या वर आलं तर पुरेसं. चारच वाजता का, तर तेव्हा पोरं शाळेतून आलेली असतात, मोठ्यांची कामं चालू असतात, सगळे एकदम वापरतात. गर्दीत टिकलं तर एरवीही टिकेल, असं साहेब म्हणाले. पटलं.

साहेब वयानं आमच्या मुलाएवढे. जाताना म्हणाले, "काम नीट झालं तर पुढच्या बारा वस्त्या तुमच्याकडेच देऊ, काकू." दूध संकलन केंद्र बंद होऊन दोन वर्षं झाली. बावीस वर्षं तिथे दूध तपासलं. त्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला काम नीट झालं तर असं म्हणालं. मला फार बरं वाटलं.

गळ्यात कार्ड आहे. फोटोत मी चिडलेली दिसते. हे म्हणाले, "फोटो हुबेहूब आलाय."

४ मार्च, मंगळवार

पहिलाच आकडा चौतीस.

तीन घरं झाली, तिन्हीकडे तीच रड. शिंप्याकडे तर पंचवीस. तो मशीन थांबवून माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच कुठूनतरी कमी आणलं. आकडा लिहिला, सही केली, घरी आले. ह्यांनी विचारलं, मी सांगितलं. जेवायला बसलो. मग म्हणाले, "डेपोत आकडा कमी आला की साहेब रस्त्याला जाब विचारायचा नाही, कंडक्टरला विचारायचा." तीस वर्षं बसमध्ये काढली, ह्यांना सगळीकडे डेपोच दिसतो. मी म्हटलं, इथे तसं नसतं. पण मलाही चुटपुट लागली आहेच.

५ मार्च, बुधवार

एकशे एकोणपन्नास! चौतिसावरून एका दिवसात. बहुतेक डिश नवीन होत्या, आज नीट बसल्या असतील. नवी चप्पलही पहिल्या दिवशी चावते.

ह्यांना आज काय सुचलं कोण जाणे, पावणेचारला काठी घेऊन फिरायला गेले. डॉक्टर वर्षभर कानीकपाळी ओरडताहेत, तेव्हा गेले नाहीत.

८ मार्च, शनिवार

१५२, १४६, १५८. हातच्या काकणाला आरसा कशाला. चार वाजता मी निघते तेव्हा गल्ली कशी प्रसन्न असते. पोरं बाहेर खेळत असतात, बायका ओट्यावर बसलेल्या असतात, शिंपी दारात उभा राहून "या काकू" म्हणतो. पूर्वी या वेळेला चिटपाखरू नसायचं, सगळे आत पडद्याला चिकटलेले. लोकांना आता नेटचा पहिला सोस उरला नाही असं दिसतं. चांगलंच आहे.

ह्यांचं फिरणं रोज चालू आहे. ठरल्या वेळी, घड्याळ लावल्यासारखं.

११ मार्च, मंगळवार

सूनबाईचं थोडं लिहिते, कारण इथे नाही तर कुठे. तिचं काम असं की दूरच्या एका कॉलेजात ऐकू न येणारी मुलं शिकतात. मास्तर वर्गात बोलतात ते हिच्या कानात येतं, ही इथे बसून तिथल्या तिथे टाईप करते आणि तिकडे त्या मुलांना ते पडद्यावर वाचता येतं. काम चांगलंच आहे, त्याला मी नाव ठेवत नाही. पण चारच्या ठोक्याला बाई खोलीतून बाहेर. चहा टाकते, कपड्यांच्या घड्या घालते. आधी पाच वाजेपर्यंत तिच्या दारावर टकटक करायची चोरी होती. आज विचारलं, "काय गं, तास संपला?" तर म्हणाली, "चारचा तास आता दुसरी घेते, आई."

कामात असं हळूहळू सैल पडायला लागलं की पुढे कठीण जातं. मी बोलले नाही. बोलले नाही म्हणजे थोडंच बोलले.

१४ मार्च, शुक्रवार

पुलाशी केबलवाल्यांचा तंबू पडलाय. चर खणून जमिनीखालून केबल आणताहेत, खालच्या गावापर्यंत आली. त्यांचा मुकादम ओळखीचा निघाला, त्याची आई आमच्या केंद्रावर दूध घालायची. तिचं दूध चोख असायचं. मी म्हटलं, "आमच्याकडे कधी येता?"

"ते तुमच्या हातात, बाई. तुमची सरासरी शंभरच्या खाली गेली तर आम्ही तुमच्या वस्तीपर्यंत यायचं. शंभरच्या वर राहिली तर वस्तीची सोय डिशवर झाली असं धरणार. मग आम्ही इथूनच परत, महिनाअखेर दुसऱ्या खोऱ्यात."

"म्हणजे दोन्ही नाही मिळत?"

"सरकारी काम आहे. एका गावाला एकदाच."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाटेत विचार केला. पण मग त्यात वाईट काय? दीडशे येतंय. ते खालून येवो की वरून. दोन वर्षांपूर्वी आम्ही फोन लावायला पाण्याच्या टाकीवर चढत होतो. आता नर्सबाई सकाळी दवाखान्यातून तालुक्याच्या डॉक्टरांना पेशंट दाखवतात. वरच्या टेकडीवर तीन घरं आहेत, तिथे कुणी चर खणत जाणार नाही, पण डिश पोहोचली. डिशला नावं ठेवणं म्हणजे कृतघ्नपणा.

घरी येऊन सांगितलं. सूनबाई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. "केबल येणारच नाही?" म्हणाली. मी वही आणून तिच्यापुढे धरली. बघ म्हटलं, १५४, १४९, १५१.

"हो," ती म्हणाली, "तुमच्या वेळेला येतं."

ह्यांना अचानक ठसका लागला. पाणी दिलं.

१७ मार्च, सोमवार

१५०. मुलगा आज टेप घेऊन कपाटाची लांबी-रुंदी मोजत होता. कशाला रे, तर "असंच." मी मोजायला लागल्यापासून घरात सगळ्यांनाच मोजायची हौस आली आहे.

सूनबाईनं नातीचे लहान झालेले कपडे वेगळे काढले, पुस्तकं खोक्यात भरली. आवराआवर करते आहे, ते एक चांगलं. मी आपली खोक्याला दोरी शोधून दिली.

२१ मार्च, शुक्रवार

सूनबाई फोनवर बोलत होती, दार उघडं होतं. मी मुद्दाम ऐकलं नाही, पण कान काही काढून ठेवता येत नाहीत. "संध्याकाळी लाईन तुटते हो, कबूल आहे," म्हणत होती. "एक तारखेपासून नाही तुटणार. नक्की." मग बराच वेळ नुसतंच "हो, हो."

जेवताना मी म्हटलं, "लाईन कुठे तुटते? आजही एकशे छप्पन्न आलं." मुलानं ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी ताटाकडे. या घरात माझ्या आकड्यावर कुणाचा विश्वास नाही. वाईट वाटलं. तिऱ्हाईत लोक या काकू, बसा काकू करतात आणि घरचे ताटात बघतात.

२४ मार्च, सोमवार

आज चिठ्ठीत शिंपी आळीतलं शेवटचं घर निघालं. तिथे पोहोचले तर मोजपेटी बंद, रात्री चार्जिंगला लावायची राहिली होती. बाकी दोन घरांचा आकडा आदल्या चार्जिंगवर निघाला होता, दीडशेच्या आसपास, तोच लिहिला. परत येऊन पेटी लावली, चहा घेतला आणि पावणेसहाला पुन्हा गेले.

एकवीस.

पुन्हा दाबलं. एकोणीस. घरातली मुलगी अभ्यासाचा व्हिडिओ बघत होती, तो सारखा गोल गोल फिरत होता. ती म्हणाली, "संध्याकाळी असंच असतं, काकू." मी म्हटलं, पेटी बिघडली असेल. बाहेर येऊन शिंप्याकडे लावून बघितली. तेवीस. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून काज करायला लागला.

पेटी बिघडावी तर फक्त पावणेसहालाच कशी बिघडते? घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नाही.

२५ मार्च, मंगळवार

कळलं.

आज साडेतीनलाच बाहेर पडले आणि दवाखान्याच्या कोपऱ्यावर उभी राहिले. पावणेचारला हे आले. पहिल्या दाराच्या चौकटीवर काठी दोनदा वाजवली. "चार वाजायला आले हो, बंद करून घ्या." दुसऱ्या दारावर तेच. तिसऱ्या दाराशी एक पोरगं कुरकुरलं, त्याला म्हणाले, "तासाभराचा तर प्रश्न आहे. काकूंच्या नोकरीचं आहे बाबा." घराघरातून लोक बाहेर यायला लागले. बायका ओट्यावर बसल्या, पोरं खेळायला लागली. शिंपी दारात येऊन उभा राहिला.

वीस दिवस. अडतीस घरं. माझ्या आकड्यासाठी.

मी कोपऱ्यावरून पुढे आले तसे हे थांबले. भरल्या गल्लीत मी नवऱ्याशी कधी वरच्या आवाजात बोलले नव्हते. आज बोलले. बावीस वर्षं कुणाला दुधात पाणी घालू दिलं नाही, आणि माझ्या वहीत माझ्याच घरातून पाणी. हे एवढंच म्हणाले, "पहिल्या दिवशी चौतीस आले. तुझा चेहरा बघवेना. म्हटलं, जाब तुला द्यावा लागेल." आणि वर, "झाकली मूठ झाकलेली बरी."

आपलेच दात, आपलेच ओठ. चावून चावून कुणाला चावणार? पण राग आला तो आलाच, अजून आहे.

सगळ्यांना सांगितलं, आत जा आणि रोजचं जे करता ते चालू करा. सव्वाचारला मोजलं. सत्तावीस. लिहिलं, सही केली. शिंपी म्हणाला, "आम्हाला वाटलं, मोजायला माणूस येतोय तर गावाची लाज राखावी." पाहुणा आला की पसारा पलंगाखाली सारायचा, तसंच हेही. त्यांना मी काय बोलणार.

त्याच दिवशी, नंतर

सूनबाईच्या खोलीत गेले. खोकी ओळीनं लावलेली होती. मीच दोरी दिलेलं वर होतं.

"एक तारखेला जाणार?"

"शहरात खोली बघितली आहे. सांगणारच होतो, आई. तुमचा महिना होऊ दे म्हटलं."

"चारचा तास तू माझ्यासाठी सोडलास."

ती खोक्याची दोरी आवळत राहिली. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही कार्ड घालून निघता त्याआधीच बाबा गल्लीत गेलेले असतात. तुम्ही इतक्या खुशीत असता. मला कसं सांगू कळेना. चारला एकाच मुलीचा तास होता. रसायनशास्त्र. पहिले दोन दिवस दुसरी कुणी मिळाली नाही, ती नुसती मास्तरांच्या तोंडाकडे बघत बसली असेल." मग म्हणाली, "आणि चार सोडूनही भागलं नाही. पाचनंतर सगळी वस्ती चालू होते. माझं वाक्य अर्ध्यात तुटतं. केबल येईल म्हणून थांबलो होतो."

मी तिला सैल म्हटलं होतं. याच वहीत लिहिलं आहे, ११ तारखेला. खोडणार नाही, राहू दे तिथे. मला लाज वाटते आहे.

२६ मार्च, बुधवार

ह्यांच्याशी बोलणं बंद आहे. चहा ठेवते, हे घेतात.

सकाळी साहेबांना फोन केला, सगळं सांगितलं. ते समजावून सांगायला लागले. वरून येणारं नेट सगळ्या वस्तीला मिळून एकच, जेवढी घरं एकदम लावतील तेवढं वाटलं जातं. सदतीस घरांनी बंद केलं तर अडतिसाव्याला मिळणारच दीडशे. मला आता ते समजावून सांगायची गरज नव्हती. मग म्हणाले, "असू दे काकू. आठ दिवस राहिलेत, ते खरे घ्या. मागचं कोण बघतंय?"

फोन ठेवून आकडेमोड केली. बावीस दिवस झालेले, पुढचे आठ तिशीतिशीचे. सरासरी एकशे दहा. म्हणजे आठ दिवस मी हरिश्चंद्र झाले तरी वस्ती पास, आणि केबल पुलाशीच थांबली.

पुन्हा फोन लावला. म्हटलं, मागचे आकडे खोडायचे तर काय करायचं? साहेबांनी फाईल चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, तसं लेखी द्यावं लागेल, सहीनिशी. मग मोजणी रद्द, नवा माणूस येऊन पहिल्यापासून मोजणार. फाईल उघडी राहील तोवर केबलवाले पुलाशी थांबतील. "पण मोजणी रद्द झालेल्या माणसाला पुन्हा काम देता येत नाही. बारा वस्त्या गेल्या, काकू. मला तुमचं नाव काढावं लागेल."

विचार करून सांगते म्हटलं.

२७ मार्च, गुरुवार

खरं लिहायचं तर काल संध्याकाळी मनात आलं की गप्प बसावं. बारा वस्त्या. दर महिन्याला नवीन गल्ली, नवीन ओटे, या काकू. आणि मी लिहून दिलं तरी ही दोघं एक तारखेला जाणारच. केबल आली तरी काही महिन्यांनी. मग मला त्यातून काय मिळालं? हे सगळं मनात आलं. कुणाला सांगितलं नाही, इथे सांगते.

आज पावणेचारला सूनबाईला म्हटलं, "तुझ्या त्या मुलीचा तास आज तू घेशील का? मला बघायचा आहे." तिनं दोन फोन केले आणि बसली. मी शेजारी स्टुलावर. मास्तर बोलायला लागले आणि हिची बोटं चालायला लागली. मी एवढ्या वर्षांत तिला काम करताना कधी बघितलं नव्हतं, नुसतं दार बघितलं होतं. मास्तरांचं वाक्य संपायच्या आत हिचं लिहून व्हायचं. त्या मुलीनं मधे काहीतरी विचारलं, ते अक्षरांत उमटलं: ताई, तुम्ही परत आलात.

चार वाजून वीस मिनिटांनी आवाज तुटला. वस्ती चालू होती, मीच सांगितलं होतं चालू ठेवा. सूनबाई कान दाबून ऐकत होती, अर्धे शब्द येत होते. तिनं लिहिलं, "आवाज तुटतो आहे, थांब." पलीकडून पुन्हा पुन्हा प्रश्नचिन्ह येत होतं. आम्ही दोघी त्या पडद्याकडे बघत बसलो आणि काही करता येत नव्हतं.

मी मोजपेटी आणली, डब्याला लावली. अठरा.

"एक तारखेला जा," मी म्हटलं. "थांबू नका. त्या मुलीला परीक्षेपर्यंत तू हवीस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, मी पेटीची वायर गुंडाळायला घेतली.

२८ मार्च, शुक्रवार

अर्ज लिहिला. चार ओळींचा. "५ ते २४ मार्चचे आकडे वस्तीनं वापर बंद ठेवून आलेले आहेत. ते धरू नयेत. टेकडीवरच्या तीन घरांना डिशच योग्य आहे, ती काढू नये." सही करून साहेबांच्या हाती दिला. त्यांनी कार्ड परत मागितलं. दिलं.

ह्यांना मी अर्ज वाचून दाखवला होता. म्हणाले, "यात माझं नाव नाही." मी म्हटलं, वस्ती म्हटलंय, त्यात तुम्ही आलात. बोलणं सुरू झालं म्हणायचं.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी टेम्पो आला. कपाट बसलं, मापाचंच होतं. नात टेम्पोत पुढे बसायला मिळालं म्हणून खुश होती. सूनबाई पाया पडायला वाकली, मी वर घेतली. मुलगा म्हणाला, "पोहोचलो की फोन करतो." नंतर खोलीत गेले. टेबल होतं तिथे फरशीवर चार पायांचे डाग आहेत. झाडून घेतलं.

चार वाजता नवीन मोजणीबाई आली. तिशीची असेल, गळ्यात कार्ड, फोटोत हसते आहे. चिठ्ठ्या टाकल्या तर पहिलंच घर आमचं निघालं. मी तिला डबा कुठे आहे ते दाखवलं. तिनं पेटी लावली आणि तक्ता उघडला.

"घरात नेट वापरणारी माणसं किती?"

"पाच," मी म्हटलं. मग म्हटलं, "नाही. आजपासून दोन."

तिनं दोन लिहिलं आणि बटणाकडे हात नेला. मी म्हटलं, "थांबा. तुमच्या या तक्त्यात खाली शेऱ्याची जागा दिसते आहे, तिथे लिहा. तिघं आज सकाळी गेली. लाईन पुरत नाही म्हणून गेली."

ती म्हणाली, "एवढं सगळं लिहायचं?"

"लिहा," ह्यांनी दारातून सांगितलं. "तिघांचंही लिहा."

तिनं लिहिलं. मी वाचून बघितलं, बरोबर होतं. मग तिनं बटण दाबलं.